एकशे त्रेपन्न मासे

आमचे एक चुलते होते. सारी भावंडे त्यांना धाकटे काका म्हणत असू. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तीत दोन धोतरे, एक अडकित्ता, उसनवारीच्या काही जुन्या चिठ्ठ्या आणि मराठी ‘नव्या करारा’ची खिशात मावेल अशी एक प्रत निघाली. आमच्या घराण्याला ख्रिस्ती धर्माचा वारा कधी लागलेला नव्हता. आमचे सेनगाव नरसीच्या अगदी जवळ. काका एकादशीला नेमाने नामदेवांच्या दर्शनाला जात, श्रावणात औंढ्याला नागनाथाला जात. त्यांच्या पेटीत हे पुस्तक आले कोठून, याचे घरातल्या बायकांना मोठे नवल वाटले. पाने चाळताच मला मात्र उलगडा झाला. काकांनी पुस्तकभर शिसपेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, आणि त्यांतली एकही रेघ एखाद्या वचनाखाली नव्हती. सगळ्या आकड्यांखाली होत्या. बारा टोपल्या. सात भाकरी. अडतीस वर्षांचा रोगी. चौदा पिढ्या. एकशे त्रेपन्न मासे. सहाशे सहासष्ट.

काकांना मटक्याचा नाद होता. आकडा ते कशातूनही काढीत. एस.टी.च्या तिकिटातून काढीत, स्वप्नातून काढीत, पोथीचे जे पान उघडेल त्याच्या क्रमांकातून काढीत. एखादा बुवा नुसता खोकला तरी किती वेळा खोकला हे ते मोजीत. हळदीचे दोन एकर रान त्या आकड्यांपायी गेले आणि चुलतीच्या अंगावरचे डोरलेही गेले. पुढे कोणी तरी त्यांच्या मनात भरवले असावे, की ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथात मोठे गूढ आकडे आहेत. एकशे त्रेपन्नाच्या शेजारी समासात त्यांनी १+३+५ अशी मांडणी करून ९ लिहिला होता. पत्ती लहानाकडून मोठ्याकडे लावायची आणि बेरजेचे एकम घ्यायचे, हा त्या धंद्यातला हिशेब आहे.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, असला विषय मांडावा की न मांडावा याचा मी बराच विचार केला. पण ते पुस्तक गेली काही वर्षे माझ्या टेबलावर आहे, आणि काकांना हसून मोकळे व्हावे म्हटले तर होता येत नाही. कारण काका जे करीत होते तेच त्यांच्यापेक्षा फार मोठ्या माणसांनी फार मोठ्या विद्वत्तेने केलेले आहे. मी पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटाचा धंदा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. हिब्रू आणि ग्रीक मला येत नाहीत. त्या भाषांतल्या अक्षरांच्या किमती तेवढ्या मी पाढ्यांसारख्या पाठ केल्या आहेत. पुढे सबंध पवित्र शास्त्र मिळवले आणि काकांच्या रेघांमागून वाचीत गेलो. बायबलातल्या आकड्यांत काही दडलेले आहे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. असेल तर ते कोणी दडवले?

प्रथम त्या माशांचेच घेऊ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात ही गोष्ट आहे. येशूच्या मरणानंतर पेत्र आणि त्याचे सोबती पुन्हा मासे धरायला जातात. रात्रभर जाळ्यात काहीच लागत नाही. पहाटे काठावर कोणी उभा राहून सांगतो, की उजव्या बाजूला जाळे टाका. जाळे भरून येते, ते ओढवत नाही, आणि लेखक सांगतो, की मोठाले मासे होते, एकशे त्रेपन्न. पुष्कळ म्हटले असते तरी काम भागले असते. दीडशे म्हटले असते तरी चालले असते. हे वरचे तीन कशाला?

लॅटिन बायबल सिद्ध करणारा जेरोम म्हणतो, की समुद्रात माशांच्या जातीच एकशे त्रेपन्न आहेत. म्हणजे जगातल्या साऱ्या जातींची माणसे या जाळ्यात यायची आहेत. त्याने आधार दिला तो ऑपियन नावाच्या कवीच्या मत्स्यकाव्याचा. पण त्या काव्यातल्या जाती मोजल्या तर हा आकडा जुळत नाही, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. त्याच्याच काळातला संत ऑगस्टीन अधिक हुशार. एकपासून सतरापर्यंतचे आकडे एकाखाली एक लिहून बेरीज करा. ती १५३ येते. सतरा म्हणजे दहा आणि सात. दहा आज्ञा जुन्या कराराच्या आणि सात देणग्या पवित्र आत्म्याच्या. मी ही बेरीज पाटीवर करून पाहिली. बरोबर आहे. पण बेरीज बरोबर येणे वेगळे आणि अर्थ बरोबर असणे वेगळे, हे आम्हा मास्तरांना रोज पोरांच्या वह्या तपासताना कळते. गणित चुकलेले असते आणि उत्तर मात्र पुस्तकाच्या मागच्या पानासारखे असते.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. माझ्या एका कादंबरीत नायिका परागंदा नवऱ्याची बारा वर्षे वाट पाहते. एका वाचकाने पत्र लिहून विचारले, की बाराच का? अकरा का नाहीत? मी विचारात पडलो. मी बारा हा आकडा निवडलाच नव्हता. तो लेखणीतून आपोआप उतरला होता, कारण मराठीत बारा वर्षांचे एक तप होते, पांडवांचा वनवास बारा वर्षांचा होता, आणि बारा वर्षे म्हटले की आमच्या कानाला सोसून झाल्याचा अर्थ ऐकू येतो. मी काहीही दडवले नव्हते. अर्थ भाषेतच होता, आणि मी त्या भाषेत जन्मलो होतो.

बायबलातले सात, बारा आणि चाळीस हे आकडे मला याच जातीचे वाटतात. सृष्टी सात दिवसांत आवरते. इस्राएलाचे वंश बारा, म्हणून शिष्य बारा. आणि चाळीस तर जागोजाग. जलप्रलयाचा पाऊस चाळीस दिवस आणि चाळीस रात्री. मोशे डोंगरावर चाळीस दिवस. रानात भटकणे चाळीस वर्षे. एलिया होरेब पर्वताकडे चालतो तो चाळीस दिवस. निनवे शहराला मुदत चाळीस दिवसांची. येशूचा उपास चाळीस दिवसांचा. यात गूढ शोधायला मराठी माणसाने फार लांब जायला नको. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. लेवीय नावाच्या पुस्तकात बाळंतिणीला नेमके चाळीस दिवस सांगितले आहेत, सात अधिक तेहतीस. मात्र मुलगी झाली तर दुप्पट, ऐंशी. या बाबतीत आमच्या आजीबाई लेवीयापेक्षा उदार म्हणायच्या. त्यांनी मुलाला आणि मुलीला एकच माप ठेवले. शेजारच्या मुसलमान घरात मयताचा चाळिसावा असतो. एका अवस्थेतून दुसरीत जायला जो वेळ लागतो त्याचे हे नाव आहे. मोशेला सदतीस दिवस लागले की एकेचाळीस, हे विचारणे माझ्या नायिकेच्या बारा वर्षांचा दाखला मागण्यासारखे आहे.

मात्र सगळेच आकडे असे भाषेतून आपोआप उतरलेले नसतात. काही अक्षरांत बसलेले असतात, आणि ते समजायला आपल्या छत्तीसच्या आकड्यासारखे दुसरे उदाहरण नाही. दोन भावांत छत्तीसचा आकडा आहे, असे आपण म्हणतो. का? तर देवनागरीत ३ आणि ६ हे एकमेकांकडे पाठ करून बसतात. आता कल्पना करा, की हजार वर्षांनी कोणी परदेशी पंडित हे वाक्य रोमन लिपीतल्या मराठीत वाचतो आहे. त्याला ते दोन पाठमोरे भाऊ दिसणार कसे? तो बिचारा छत्तीसचे भाजक काढील, नक्षत्रांचा हिशेब मांडील, आणि मराठ्यांच्या कुठल्या तरी गुप्त पंथाचा शोध लावील. अठरा विश्वे दारिद्र्य म्हणताना आपण तरी कुठे थांबतो? विश्वे म्हणजे विसे, अठरा विसे तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य, असा अर्थ सांगतात. सांगितला म्हणजे कळतो. सांगणारा गेला की गूढ होऊन बसतो.

मत्तयाच्या पहिल्या पानावर असाच एक छत्तीसचा आकडा आहे. तेथे येशूची वंशावळ दिली आहे, आणि लेखक स्वतः मोजून सांगतो, की अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबिलोनच्या हद्दपारीपर्यंत चौदा आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा. हिब्रू भाषेत अंकांना वेगळी चिन्हे नव्हती. अक्षरांनाच किमती होत्या. दावीद हे नाव तीन अक्षरांत लिहितात, दालेत, वाव, दालेत. चार, सहा, चार. बेरीज चौदा. म्हणजे मत्तय तीनदा दाविदाचे नाव घेतो आहे: हा राजवंशातला आहे, राजवंशातला आहे, राजवंशातला आहे. त्याच्या पहिल्या यहुदी वाचकाला हे आमच्या छत्तीससारखे दिसले असेल.

गंमत अशी, की आपल्याकडेही हाच खेळ खेळला गेला आहे. कटपयादि नावाची जुनी रीत आहे. तीत क म्हणजे एक, ख म्हणजे दोन असे चालत जाऊन ज म्हणजे आठ आणि य म्हणजे एक येतो, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे. महाभारताचे जुने नाव जय. जय म्हणजे ८ आणि १, उलटे वाचले की १८. पर्वे अठरा, अक्षौहिणी अठरा, युद्धाचे दिवस अठरा, गीतेचे अध्याय अठरा! पहिल्यांदा हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. तिसरे उदाहरण तर मराठवाड्यात गल्लोगल्ली दिसते. मुसलमान दुकानदाराच्या पाटीवर ७८६ लिहिलेले असते; ती बिस्मिल्लाच्या अरबी अक्षरांच्या किमतींची बेरीज आहे. अरबी आणि हिब्रू या बहिणी असल्यामुळे त्यांचा हिशेबही एकाच घरातला आहे. तेव्हा ‘अक्षरांत आकडे कसले असणार’ असे म्हणून हा विषय झटकता येत नाही. असतात.

पण येथेच मास्तर जागा होतो आणि पिढ्या मोजू लागतो. मधल्या गटात चौदा भरतात खरे, परंतु त्यासाठी मत्तयाने जुन्या करारातले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे सरळ गाळले आहेत. आणि तिसऱ्या गटात कितीही वेळा मोजा, नवी नावे तेराच होतात. टीकाकारांनी एका राजाला दोनदा धरून चौदा पुरे केले. मला यात मत्तयाची लबाडी दिसत नाही. त्याला दाविदाचे नाव तीनदा उच्चारायचे होते, आणि कवी मात्रा जुळवण्यासाठी शब्द गाळतो तसे त्याने राजे गाळले. मात्र यावरून एवढे ठरते, की हा आकडा इतिहासाने दिलेला नाही. तो लेखकाने घडवला आहे, आणि वाचकाला दिसावा म्हणून घडवला आहे. दडवायचा असता तर ‘मोजा, चौदा आहेत’ असे तो स्वतःच कशाला सांगता?

याच्या उलट गोष्ट उत्पत्तीतल्या तीनशे अठरांची. अब्राम आपल्या पुतण्याला सोडवायला घरचे ३१८ सेवक घेऊन निघतो. यहुदी पंडितांनी पाहिले, की अब्रामाच्या कारभाऱ्याचे नाव अलियेजर, आणि त्याच्या हिब्रू अक्षरांची बेरीज बरोबर ३१८. म्हणजे तीनशे अठरा माणसे नव्हतीच. एकटा अलियेजर होता! पुढे बर्णबाच्या नावावर चालणाऱ्या एका जुन्या ख्रिस्ती पत्राने तोच आकडा ग्रीक अक्षरांत वाचला. ग्रीकमध्ये अठरा लिहिले की येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे होतात, आणि तीनशेचे अक्षर दिसते क्रुसासारखे. म्हणजे त्या सेवकांत येशू आणि त्याचा क्रूस होता! एकच आकडा, हिब्रूत वाचला तर कारभारी आणि ग्रीकमध्ये वाचला तर तारणहार. मराठीत वाचला तर तीनशे अठरा माणसे, आणि माझ्या मते तीच होती. भाषेबरोबर जे गुपित बदलते, ते मूळ लेखकाने ठेवलेले कसे असेल? उत्पत्ति लिहिणाऱ्याला ग्रीक लिपीतला क्रूस ठाऊक असणे शक्य नव्हते.

हा मोह किती सोपा आहे याचा मला स्वतःचा अनुभव आहे. फादर स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने बायबलाची कथा मराठी ओव्यांत रचली. १६१६ मध्ये ती रोमन लिपीत छापली गेली. ते ‘क्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वर आणि दुसऱ्यात एकोणसाठ. एके रात्री मी ही बेरीज केली. पंचाण्णव. नऊ आणि पाच चौदा. दावीद! मी उठून बसलो. पहिल्यात छत्तीस म्हणजे अठराच्या दुप्पट, म्हणजे जय आणि पुन्हा जय. हा साहेब आपल्या पुराणांचा भक्त असल्याने त्याला हे ठाऊक असणारच! पाणी प्यायलो तेव्हा भानावर आलो. नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी आणखी चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले. चौसष्ट म्हणजे चौसष्ट कला, असे म्हणायला काय हरकत आहे? ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंनी ते ऐकले असते तर पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. त्या रात्री मला काकांची आठवण झाली. तोच पेन्सिलीचा हात माझ्याही अंगात आहे.

मला ज्या आकड्याने खरोखर थांबवले त्याच्याखाली काकांची रेघ होती, पण शेजारी बेरीज नव्हती. बहुधा तो फार मोठा असल्याने त्यांच्या कामाचा नव्हता. पेत्र विचारतो, की भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशूचे उत्तर मराठीत सत्तर गुणिले सात अशा अर्थाने उतरले आहे. वर्गात सांगितले तर पोरे झटकन चारशे नव्वद म्हणतील आणि चारशे एक्याण्णवाव्याची वाट पाहतील. याला आमच्याकडे शतकोटी म्हणतात. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला होता, आणि उरलेली संख्या पुरी करण्याची आज्ञा तुकोबांना स्वप्नात झाली, अशी आपली परंपरा. सेकंदाला एक अभंग रचला तरी शंभर कोटींना एकतीस वर्षांहून अधिक लागतील, आणि गाथेत हाती लागतात ते काही हजार. तरी नरसीच्या पायरीवर बसून कोणी नामदेवांकडे हिशेब मागत नाही.

परंतु सत्तर गुणिले साताचे एवढ्याने भागत नाही. बायबलाच्या अगदी आरंभी, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात, काईनाच्या वंशात लामेख नावाचा एक दांडगा होतो. तो आदा आणि सिल्ला या आपल्या दोन बायकांपुढे बढाई मारतो, की मला जखम करणाऱ्याला मी ठार केले. काईनाचा सूड सातपट, तर माझा सत्त्याहत्तरपट. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात लामेखाच्या तोंडी जे शब्द आहेत, नेमके तेच शब्द मत्तयाने ग्रीकमध्ये येशूच्या तोंडी घातले आहेत. सात तेच आणि सत्तर तेच. फक्त सुडाच्या जागी क्षमा आली आहे. ज्या मापाने माणसाने पहिल्यांदा रक्त मोजले त्याच मापाने आता माफी मोजायची आहे. येथे अक्षरांची बेरीज करावी लागत नाही. मागची गोष्ट आठवावी लागते. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून सांगतो, की असा एक आकडा लिहायला मिळाला तर मी माझी सारी पुस्तके त्यावरून ओवाळून टाकीन. आणि आपल्या मराठी प्रतींत या दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे पडल्यामुळे हा पूलच मोडून जातो! भाषांतरकारांना दोष देता येत नाही; लामेखाचा आकडा हिब्रूवरून आला आणि येशूचा ग्रीकवरून, आणि ग्रीक शब्दांचा अर्थ दोन्ही रीतींनी लागतो. पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलाचे भाषांतर करीत बसल्या, ते १९२४ मध्ये निघाले. त्या खटाटोपाचे मोल मला या एका जागी कळले.

माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारी एक जागा आहे, ती लपवणे बरे नव्हे. मार्काच्या आठव्या अध्यायात येशू स्वतः शिष्यांची उजळणी घेतो. पाच भाकरी पाच हजारांना वाटल्या तेव्हा तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? बारा. सात भाकरी चार हजारांना वाटल्या तेव्हा? सात. आणि मग तो म्हणतो, अजून तुम्हांला समजत नाही? उत्तर तो सांगत नाही. टीकाकार सांगतात, की बारा टोपल्या इस्राएलाच्या बारा वंशांसाठी आणि सात परराष्ट्रीयांसाठी. असेलही. दोन्ही ठिकाणी टोपलीला ग्रीक शब्द वेगवेगळे आहेत, हेही खरे. मला त्या प्रश्नात परीक्षकाची रागीट हौस दिसते: आकडे पाठ आहेत ना, मग भाकर कोठून येते ते का कळत नाही? पण ही माझी समजूत झाली. त्या जागी मी अजून अडतो.

सहाशे सहासष्टाविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण त्याचा बाजार फार झाला आहे. प्रकटीकरणाचा लेखक उघड सांगतो, की हा श्वापदाचा आकडा आहे, माणसाचा आकडा आहे, ज्याला अक्कल आहे त्याने मोजावा. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा रोमचा बादशहा नेरो. नेरोन केसर हे हिब्रू अक्षरांत लिहिले तर पहिल्या शब्दाचे ३०६ आणि दुसऱ्याचे ३६०, एकूण ६६६ होतात. नेरोन ऐवजी नेरो लिहिले तर शेवटच्या अक्षराचे पन्नास कमी होऊन ६१६. आणि खरोखरच काही जुन्या प्रतींत ६१६ आहे. दुसऱ्या शतकातल्या इरेनियसला तो पाठ ठाऊक होता, आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथे सापडलेल्या पपायरसच्या एका तुकड्यावरही तोच निघाला; तो तुकडा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलुपाला दोन किल्ल्या आहेत आणि दोन्ही लागतात, इतका चांगला पुरावा या विषयात दुसरा नाही. ज्याचे नाव उघड घेतले तर मान जाईल, त्याचे नाव लोक असेच घेतात. निजामाच्या अमदानीत राहिलेल्या आमच्या वाडवडिलांना हे सांगायला नको.

एवढे उत्तर समोर असताना लोकांनी त्या आकड्यात पोपला पाहिले, नेपोलियनला पाहिले. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त पिएर हा भला माणूस फ्रेंच अक्षरांना किमती देऊन बादशहा नेपोलियनचे ६६६ करतो. मग त्याला वाटते, या श्वापदाला मारणारा कोण? आणि तो आपले नाव मोजू लागतो. जमत नाही. पुन्हा वेगळ्या तऱ्हेने लिहितो. जमत नाही. शेवटी व्याकरणाविरुद्ध एक अक्षर गाळून तो आपल्या नावाचे ६६६ पुरे करतो, आणि त्याला परम आनंद होतो. आकडे शोधणाऱ्याची यापेक्षा खरी हकिगत मी वाचलेली नाही. काकाही एक अंक पुढेमागे करीत. आकडा हुकला तर म्हणत, ‘अरे, आकडा बरोबरच होता, मीच उलटा वाचला.’

पिएरने एकट्याचे नुकसान केले असते. अमेरिकेतल्या विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्याने दानीएलाच्या पुस्तकातले २३०० दिवस म्हणजे वर्षे धरली, इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजली, आणि त्यावरून २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या आगमनाचा दिवस ठरला. हजारो लोक त्या रात्री वाट पाहत बसले. कित्येकांनी उभी पिके काढली नव्हती. सकाळ नेहमीसारखी झाली. आमच्या काळात, १९९७ मध्ये, मायकेल ड्रॉस्निन या पत्रकाराचे पुस्तक गाजले. हिब्रू बायबलातली ठराविक अंतरावरची अक्षरे उचलली की पुढच्या काळातल्या घटना निघतात, असा त्याचा दावा होता. मुळात हा शोध तीन इस्रायली संशोधकांनी १९९४ मध्ये संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात मांडला होता. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात इतर गणितज्ञांनी दाखवले, की तसलेच चमत्कार ‘युद्ध आणि शांती’च्या हिब्रू भाषांतरातूनही काढता येतात. पिएरचे पुस्तक असे पुन्हा कामाला आले.

काकांच्या पुस्तकात जुना करार नव्हता, म्हणून एक गोष्ट त्यांच्या वाचनात आली नाही. ती आली असती तर बरे झाले असते, असे मला उगीच वाटते. दावीद राजा प्रजेची शिरगणती करतो. सेनापती योआब नको नको म्हणतो, तरी करतो, आणि देशावर रोगाची साथ येते. मोजणी हेच पाप! आणि तीही एकसारखी लिहिलेली नाही: शमुवेलाच्या पुस्तकात इस्राएलाचे योद्धे आठ लाख आणि यहूदाचे पाच लाख; इतिहासाच्या पुस्तकात अकरा लाख आणि चार लाख सत्तर हजार. एका ठिकाणी ही बुद्धी देव देतो, दुसऱ्या ठिकाणी सैतान. ही गोष्ट वाचताना मला आमचे खळे आठवले. आजोबा पायलीने ज्वारी मोजायला बसत तेव्हा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, आणि मग दोन, तीन. आम्ही पोरे किती, असे कोणी विचारले तर आजी बोट दाखवून मोजू देत नसे. देणाऱ्यापुढे त्याचे देणे मोजू नये, ही भीती दाविदाच्या देशात आणि आमच्या खळ्यावर एकच होती. धाकटे काका त्याच खळ्यावर वाढले. त्यांनीही लाभ म्हणतच पहिली पायली ओतलेली मी पाहिली आहे.

मग ते एकशे त्रेपन्न? माझे मत असे, की ते मासेच आहेत. पेत्र कोळी होता. कोळ्याचे जाळे काठाला लागले की मासे मोजावेच लागतात, कारण वाटणी असते. योहान सांगतो, की त्या दिवशी नावेवर सात जण होते. रात्रभर हात रिकामे राहिलेले सात जण ओल्या अंगाने वाळूवर बसून मोजत आहेत, आणि पलीकडे विस्तवावर भाकर भाजते आहे. ज्याला मेला म्हणून रडले तो समोर बसला आहे, आणि तरी त्यांनी मासे मोजले. मला त्या आकड्यात याहून मोठे काही सापडले नाही, आणि याहून मोठे काही लागलेही नाही.

परवा हे गणित मी पाचवीच्या वर्गात घातले. नाव-गाव काही सांगितले नाही. नुसते म्हटले, की सात कोळी, एकशे त्रेपन्न मासे, वाटणी करा. प्रत्येकी एकवीस आले आणि सहा उरले. एवढ्यात मागच्या बाकावरून एका पोराने विचारले, ‘गुरुजी, ते उरलेले सहा कुणी नेले?’ मी काही बोलण्याआधीच त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, ‘नेत्यात कशाला? तिथंच भाजून खाल्ले असतील.’

काठावरचा माणूस त्यांना म्हणतो, की आता धरलेल्यांतले काही मासे इकडे आणा आणि न्याहारी करा. काकांच्या प्रतीत या ओळीत आकडा नसल्यामुळे तिच्याखाली रेघ नाही.